आधी नीट भिऊन घेऊ दे

मोरूकाका दुकानातला दिवा कधी बोटाने लावत नसत. त्यासाठी भिंतीवर एक लाकडी फूटपट्टी टांगलेली असे. आधी पायात रबरी चपला घालायच्या, मग पट्टी हातात घ्यायची, मान होईल तेवढी मागे न्यायची, डोळे अर्धे मिटायचे आणि लांबून बटण दाबायचं. दिवा लागला की "लागला बुवा" म्हणून मोठा सुस्कारा. हा कार्यक्रम रोज संध्याकाळी, बाराही महिने. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फस्सकन हसले. काकांना राग नाही आला. म्हणाले, "हस. तुला अजून झटका बसला नाही न." मी विचारलं, "तुम्हाला कधी बसला?" तर म्हणाले, "मला कशाला बसेल? मी पट्टी वापरतो."

उज्जैनला गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर कामाची फळी आणि चारी भिंतींना टांगलेल्या लोकांच्या सतारी नि तानपुरे. बाहेर पाटी हिंदीत, 'यहाँ सितार, तानपुरा, हारमोनियम सुधारे जाते हैं', आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, कुणीही न विचारता, मराठीत, 'घाई करू नये'. पातळ अंगाचा माणूस, कानावर पेन्सिल, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चेहरा कायम असा, की आत्ता कुणीतरी दारातून वाईट बातमी घेऊन येणार आहे. बायको पूर्वीच गेलेली, मुलगी देवासला दिलेली. घराणं दरबारातल्या चाकरीचं, दोनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. कुणी म्हणालं, तुमचे पूर्वज लढाईला होते म्हणे, की काका म्हणायचे, "होते. पळून आले असतील. म्हणून तर आपण आहोत."

कशाकशाला भ्यायचे, विचारू नका. कुत्र्याला तर भ्यायचेच, पण कुत्र्याच्या मालकालाही. नानाखेड्याच्या बस स्टँडवर मागे येणाऱ्या बसला, क्षिप्रेच्या घाटावरच्या ओल्या पायऱ्यांना, टेम्पोत समोर बसलेल्या माणसाच्या छत्रीच्या टोकाला. घरोघर केबलच्या तारा आल्या तेव्हा त्या गल्लीवरून जाताना ते वाकून चालत. पण सगळ्यात जास्त भ्यायचे ते हातातल्या कामाला. कानस, करवत, गिरमिट यातलं काहीही उचलायच्या आधी ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत आणि समोरच्या वाद्याकडे बघत राहत. गिऱ्हाईक चुळबुळलं की म्हणत, "थांब. आधी नीट भिऊन घेऊ दे मला."

एकदा एक हिंदी बोलणारे गृहस्थ वैतागून म्हणाले, "पंडितजी, छेद करना है कि मुहूर्त निकालना है?" काका शांतपणे म्हणाले, "भैया, डर आ जाने दो. आ गया कि करता हूँ." आणि खरंच, पाच-दहा मिनिटांनी त्यांचे ओठ कोरडे पडत, कपाळावर घाम येई, मग ते मान हलवत, "आली," म्हणून हात बाहेर काढत, आणि काम असं करत की पुन्हा त्या वाद्याला कुणाला हात लावावा लागू नये.

याच्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला दोनदाच सांगितली, दोन्ही वेळा सांगता सांगता दाराकडे बघत. बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांच्या हाताचं गावात फार कौतुक झालं होतं. एका म्हाताऱ्या वादकाची सतार आली. आयुष्यभर वाजवलेली. तारा पेलणारी घोडी बसते त्या वरच्या पातळ लाकडाला, तबलीला, लहानशी डागडुजी होती. काका चार माणसांशी गप्पा मारत कानस चालवत होते. तबली उभी चिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "आणि तो माणूस काही बोलला नाही, शुभे. शिवी दिली असती, एक वाजवली असती तर बरं झालं असतं. सतार धोतरात गुंडाळली आणि गेला. पुढे बारा वर्षं रस्त्यात दिसायचा. बघायचा आणि बोलायचा नाही. त्या दिवशी मी भ्यालो नव्हतो, बस, एवढंच चुकलं."

बाकी काही झालं तरी चालेल, पण माणूस गप्प बसलेला त्यांना सोसत नसे.

त्यांची आणखी एक सवय सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. फ्रीगंजमधल्या एका दातांच्या डॉक्टरचा तानपुरा त्यांनी दुरुस्त केला होता, त्याच्या बदल्यात डॉक्टरांनी त्यांना दात बघायचा लांब दांडीचा चिमुकला आरसा दिला. तो आरसा आणि टॉर्च घेऊन ते वाद्याच्या पोटात बघत. आणि काम झालं की पोटातच, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, पेन्सिलीने लिहून ठेवत. कुणाचं वाद्य, काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, आणि खाली 'भीत भीत केले. मो.' मी म्हणायची, "काका, हे वाचणार कोण?" ते म्हणायचे, "पुढे जो कुणी उघडेल तो. त्याला खरं कळायला नको?"

आता बासची गोष्ट. आमचा दादा, सुहासदादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. लहानपणापासून काकांच्या दुकानात पडीक. तारा लावायला तो तिथेच शिकला. पुढे गिटारचं खूळ लागलं आणि मुंबईहून एका गोव्याच्या म्हाताऱ्याकडून त्याने एक जुनी बास आणली. जाड चार तारांची, विजेवर वाजणारी, पण आतून पोकळ. छातीवर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार खाचा, रंग मधासारखा. ती वाजायला लागली की आमच्या माधव नगरच्या घरातल्या कपाटाच्या काचा हलायच्या. मग त्या काळात सगळीच पोरं कुठे कुठे निघाली होती, तसा दादाही मस्कतला नोकरीवर गेला. जाताना बास पेटीत घालून पलंगाखाली सरकवली आणि मला म्हणाला, "हात लाव, वाजव, पण हिला काही होता कामा नये. कळलं ना?"

आमचा दादा ओरडत नाही. दादा बोलणं टाकतो. वडिलांनी एकदा त्याला न विचारता त्याची सायकल कुणाला तरी देऊन टाकली, तर दोन वर्षं तो वडिलांशी बोलला नाही. एकाच ताटाळ्यातून ताटं घ्यायचे दोघं, एकाच खोलीत बसायचे, आणि एक शब्द नाही. बोलायला लागला तेव्हा वडिलांना जेमतेम सहा महिने उरले होते. तेव्हापासून घरात आईला आणि मला एकच धाक, सुहास गप्प बसता कामा नये. दर रविवारी शेजारच्यांकडे त्याचा फोन यायचा. आई सकाळपासून नवी साडी नेसून बसायची, जसा काही तो फोनमधून तिला बघणार होता.

मी टेलिफोन ऑफिसात होते. ऑफिसातल्या लोकांचा एक ऑर्केस्ट्रा होता. आमचे सक्सेनाजी त्याचे सर्वेसर्वा, नवीन कीबोर्ड घेऊन फुशारलेले. त्यांचा बास वाजवणारा बदली होऊन भोपाळला गेला आणि मी, अक्कल गहाण ठेवून, बोलून बसले, "मी वाजवते न थोडी थोडी." घरी पलंगावर बसून मी दादाची बास दोन वर्षं वाजवत होते, हे खरं होतं. पण पलंगावर ऐकायला फक्त आई असायची. सक्सेनाजींनी टाळी दिली, "अरे वाह! लेडी बास प्लेयर! पूरे उज्जैन में नहीं है!" आणि गणपतीत आमच्याच माधव नगरच्या मंडळात कार्यक्रम ठरवून टाकला.

सराव सुरू झाला आणि माझी पाचावर धारण बसली. कुणी समोर आलं की माझा उजवा हात थरथरायला लागायचा. दादाचा हात मोठा. तो अंगठा तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या पट्टीच्या काठावर टेकवून वाजवायचा. माझा अंगठा तिथवर पोचायचाच नाही. हात सगळा अधांतरी, आणि अधांतरी हात जास्तच कापतो. ऑर्केस्ट्रातल्या एकाने सांगितलं, की काही बासवर बोटं टेकायला लाकडाचे दोन छोटे ठोकळे असतात, एक जाड तारेच्या वर अंगठ्यासाठी, एक बारीक तारेच्या खाली बोटांसाठी. ते लावून घ्या. बस, मी तडक मोरूकाकांकडे.

"काका, चार भोकं पाडायची आहेत."

"कशात?"

"दादाच्या बासमध्ये."

काका उठून उभेच राहिले. "सुहासला विचारलंस?"

"नाही."

"मग नाही. जा तू. जा, बाई, मला घाबरवू नकोस."

मी आठ दिवस जात राहिले. म्हटलं, दिवाळीत दादा यायच्या आधी काढून टाकू, त्याला कळणारही नाही. काका म्हणाले, "ठोकळा काढशील. भोक कसं काढतात ते मला शिकव." म्हटलं, मग मी दुसऱ्याकडे जाते, तर म्हणाले, "दुसरा तर फाडूनच ठेवेल." नवव्या दिवशी मी तिथेच सतरंजीवर बसून रडले. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही, ते माझ्या हाताकडे बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "हाताला टेकायला जागा नाही म्हणून कापतो तो. ते मला कळतं." आणि मग, "आण उद्या."

त्या बासची छाती इतकी पातळ होती की काकांनी नखाने वाजवून बघितली आणि हात मागे घेतला. "याच्यात स्क्रू धरेल कशाला? खाली पोकळ. दोनदा हात टेकलास की भोक मोठं होईल आणि तिसऱ्यांदा चीर जाईल." म्हणजे आतूनही लाकूड लावायला हवं होतं, आणि आत हात जाईल अशी जागा कुठे नव्हती. दोन दिवस त्यांनी नुसता आरसा घालून आत बघण्यात घालवले.

तिसऱ्या दिवशी माप घेतलं. मला सतरंजीवर मांडी घालून बसवलं, बास मांडीवर दिली, अंगठ्याला खडूची पूड लावली आणि म्हणाले, "डोळे मीट. आता वाजवायला हात सोड." जिथे अंगठा पडला तिथे पांढरा ठिपका उमटला. पुसून पुन्हा. पुसून पुन्हा. तिन्ही वेळा एकाच जागी. काका खूश. "वा. हात खोटं बोलत नाही." मीही खूश. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

मग ते मांडीखाली हात घेऊन बसले. त्या दिवशी भीती यायला वेळ लागला नाही. गिरमिट टेकवलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला फक्त आवाज ऐकू येत होता, कुरकुर, थांबणं, काकांचा श्वास, पुन्हा कुरकुर. चार वेळा. "बघ," म्हणाले. चार स्वच्छ भोकं, कडा न फुटलेल्या. त्यांचा शर्ट पाठीवर ओला होता.

पुढचं काम मी कधी विसरणार नाही. त्यांनी भोकातून सतारीची बारीक तार आत सोडली आणि आकड्याने ती छातीवरच्या खाचेतून बाहेर ओढली. लाकडाच्या चपट्या तुकड्यालाही भोकं पाडलेली होती. तार त्यातून ओवली, शेवटाला सतारीचा एक मणी अडकवला, तुकड्याच्या पाठीवर गरम सरस लावला आणि खाचेतून तुकडा तिरका आत ढकलून वरून तार हळूहळू ओढली. आतला तुकडा चालत चालत आपल्या जागी आला आणि छातीला खालून चिकटला. वर काडीला तार गुंडाळून पीळ दिला नि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं. असे दोन तुकडे, चार तारा, चार मणी. सरस वाळल्यावर वरून तारा कापल्या, मणी आत पडले. बास उलटी करून हलवली तर तीनच बाहेर आले.

"चौथा?" मी म्हटलं.

काकांचा चेहरा पांढरा पडला. बास हलवली की आत कुठेतरी टुणटुण वाजायचं. दादा बास उचलणार आणि पहिल्यांदा तेच ऐकणार. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघांनी ती बास झोपवली, उलटी केली, गोल फिरवली, कानाशी धरली. काका मधेच हात जोडून महाकाळाला काहीतरी पुटपुटत होते. शेवटी तो मणी खाचेतून आपणहून घरंगळत आला आणि सतरंजीवर पडला. काकांनी तो उचलला, पुसला आणि चक्क कपाळाला लावला.

शिसवीचे दोन ठोकळे त्यांनी असे घासले होते की ते मुळातच तिथले वाटावेत. मी पलंगावर बसून वाजवलं. अंगठा वर टेकला आणि हात थांबला. थरथर बंद. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज सुहाससारखी वाजवतेयस की गं."

गणपतीतला तो कार्यक्रम. मांडव भरलेला, पहिल्या रांगेत कॉलनीतल्या सगळ्या काकू. मोरूकाकाही आले होते. गर्दीला आणि लाउडस्पीकरला भिणारा माणूस, पण आपला ठोकळा निखळतो की काय या भीतीने आले होते, कोपऱ्यातली लोखंडी घडीची खुर्ची घट्ट धरून. सक्सेनाजींनी आम्हाला ओळीने उभं केलं. सगळे उभे. मी दादाचा पट्टा खांद्यावर घातला, बास खाली लोंबली, वाजवायला हात सोडला, आणि ठोकळा तिथे नव्हताच.

म्हणजे ठोकळा जागेवरच होता. माझा अंगठा चार बोटं मागे पडत होता. उभं राहिलं की बास खाली जाते, तिची मान वर होते, हात भलतीकडे येतो. आणि आम्ही माप घेतलं होतं मांडी घालून. काकांच्या उभ्या आयुष्यात उभ्याने वाजवायचं वाद्य दुकानात आलं नव्हतं, आणि मी घरी पलंगाशिवाय कुठे वाजवलं नव्हतं. सरावाच्या खोलीतही आम्ही सगळे खुर्च्यांवरच बसायचो. पहिलं गाणं सुरू झालं. माझा हात असा कापायला लागला की तारा आपोआप वाजत होत्या. सक्सेनाजी कीबोर्डवरून डोळे वटारत होते. समोरच्या काकूंच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं आता बास टाकून पळत सुटावं.

तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यात हालचाल झाली. मोरूकाका उठले होते. मला उभं बघितलं त्या क्षणी त्यांना चूक कळली असणार. त्यांनी ती लोखंडी खुर्ची उचलली आणि स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले. स्टेजवर सगळीकडे विजेच्या तारा पसरलेल्या, काळ्या, लाल, गुंतलेल्या. बटण पट्टीने दाबणारा हा माणूस रबरी चपला घालून, खुर्ची छातीशी धरून, प्रत्येक तार ओलांडत, डोळे अर्धे मिटून आला. लोक हसत होते. सक्सेनाजी ओरडले, "अरे, ये कौन है? हटाओ इनको!" काकांनी खुर्ची माझ्या मागे उघडली, मला खांद्याला धरून बसवलं आणि कानाशी म्हणाले, "भिऊन घेतलंस ना? आता वाजव."

मी पायावर पाय टाकून बास मांडीवर घेतली. अंगठा ठोकळ्यावर टेकला. दुसऱ्या कडव्यापासून मी वाजवलं, आणि बरं वाजवलं. काका तिथून हलले नाहीत. परत त्या तारा ओलांडायची हिंमत राहिली नव्हती त्यांच्यात. माझ्यामागे स्टेजवरच ते उकिडवे बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली, अख्खा कार्यक्रम संपेपर्यंत.

दिवाळीला दादा आला. दर वेळी मस्कतहून आला की पहिली फेरी मोरूकाकांकडे, खजुराचं खोकं घेऊन. या वेळी आधी त्याने बास काढली. मी ठोकळे काढून ठेवणार होते, पण काकांनी सांगितलं होतं, "काढले तर भोकं दिसतील. राहू दे. आणि येईल तेव्हा सांगून टाक." तो यायच्या आधी आठ दिवस मी रोज ठरवत होते, आला की लगेच सांगते. दादा पलंगावर बसला, वाजवायला लागला, आणि वाजवता वाजवता त्याचा अंगठा आपसूक वर त्या ठोकळ्यावर जाऊन टेकला. अर्धं गाणं तसाच वाजवत होता. मग थांबला. बोट फिरवून बघितलं. बास पेटीत ठेवली आणि उठून बाहेर गेला. एक शब्द नाही. आईने माझ्याकडे बघितलं. मला तिच्या डोळ्यांत वडिलांची ती दोन वर्षं दिसली.

दुसऱ्या दिवशी तो बास घेऊन दुकानात गेला, मी मागून. काकांनी बघितलं आणि हातातलं काम टाकून उठले.

"हे काढा," दादा म्हणाला. "आणि भोकं बुजवा. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी दारात उभी होते. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी देवाशपथ सांगते, मी बोलणार होते.

काका म्हणाले, "मीच म्हटलं तिला. ती नको म्हणत होती. हात शिवशिवले माझे, बस."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. ते दादाकडे बघत होते, तो काहीतरी बोलेल म्हणून. दादा नाही बोलला. दोन दिवसांनी बास न्यायला आला तेव्हाही नाही. काकांनी भोकांत त्याच रंगाच्या लाकडाच्या काड्या बसवून वर चपड्याचं पॉलिश असं केलं होतं की शोधून सापडणार नाही. आतले तुकडे आतच राहिले, ते काढता येत नाहीत. दादा बास घेऊन मस्कतला गेला. घरी मात्र माझ्याशी, आईशी नीट बोलत राहिला. उलट मला म्हणाला, "तुझी काय चूक गं, ते म्हातारे ऐकतात थोडी ना कुणाचं." आणि मी गप्प बसले. रविवारचे फोन चालू राहिले. आई नवी साडी नेसत राहिली.

त्यानंतर दादा चार दिवाळ्या उज्जैनला आला. मोरूकाकांच्या गल्लीत एकदाही गेला नाही. काका पाडव्याच्या दिवशी सकाळपासून दाराकडे तोंड करून बसायचे. खजूर मी विकत घेऊन न्यायची आणि म्हणायची, दादाने दिलाय. ते म्हणायचे, "ठेव." कधी खाल्लेला बघितला नाही. मी भ्याले, दुसरं काही नाही. आधी आईसाठी भ्याले. आई गेल्यावर तेही कारण उरलं नाही, तरी भ्याले.

त्यांना शेवटचं बघितलं ते देवासला मुलीकडे कायमचे जायच्या आदल्या आठवड्यात. भिंती जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. सगळ्यांकडे कीबोर्ड आले होते, पेटी दुरुस्त करायला कोण येणार? एक सतार मात्र समोर होती आणि काका तिची घोडी कानशीने घासत होते. मी बसले आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हात थरथरत होता. भीतीने नाही, वयाने, खूप दिवसांपासून थरथरत असावा. आणि मग मला फळी दिसली. फळीच्या काठाला ते दोन शिसवीचे ठोकळे स्क्रूने बसवलेले होते. ते काम करायचे मांडी घालून, आणि ठोकळेही मांडी घालून घेतलेल्या मापाचेच होते. अंगठा एका ठोकळ्यावर टेकवला की हात थांबत होता. टेकवून ते चार वेळा घासत, मग थांबत.

मला रडू आवरेना. म्हटलं, "काका, मी दादाला पत्र लिहिते. सगळं खरं लिहिते. आजच."

ते घासायचे थांबले नाहीत. "थांब. आधी नीट भिऊन घे. घाईत काही करू नये."

"तुम्ही का खोटं बोललात?"

"तो गप्प बसणार होता. कुणाशी तरी बसणारच होता. तुझ्या आईशी बसला असता तर?" मग अंगठा ठोकळ्यावर टेकवत, "बोललो तेवढं एकदाच. लिहिलेलं नाही खोटं. आतल्या तुकड्यावर आहे सगळं. तुझंच नाव आहे, शुभाच्या सांगण्यावरून म्हणून. चुकीच्या मापाचंही पुढे लिहिलं मी, भोकं बुजवताना, खाचेतून आरसा घालून. कुणी उघडलं तर कळेल."

मी निघाले तेव्हा अंधारायला लागलं होतं. त्यांनी चपला घातल्या, पट्टी घेतली. पट्टीचं टोक बटणाभोवती हलत राहिलं, लागेना. मी दाबायला हात पुढे केला, तर ओरडले, "हात नको लावूस, झटका बसेल!" आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून, मान मागे करून, त्यांनी स्वतःच दिवा लावला. "लागला बुवा," म्हणाले.

ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. जे पत्र मी अजून लिहिलं नव्हतं, ते हे. भिऊन झालं, काका. दादा, बास काढ, डावीकडच्या खाचेतून टॉर्च आणि छोटा आरसा आत घाल आणि वर बघ.